एस्तेरनं गाळलेली पानं

एस्तेर गावित खोटं बोलत नाही, अशी सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत समजूत आहे आणि ती बरोबरच आहे. नळावर भांडण झालं की दोन्ही बाजू साक्षीला तिलाच ओढतात. पण ही बाई सहा वर्षं वाचताना गाळत होती. एका ग्रंथातून नव्हे, दोन ग्रंथांतून. कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. उघडकीला आलं ते दोन शहाण्यांमुळे. त्या शहाण्यांविषयी बोलायचं म्हणजे तोंड खराब करून घेणं आहे, पण त्यांच्यावाचून गोष्ट पुढे जात नाही.

आधी एस्तेर. नवापूरजवळच्या पाड्यावरची मावची आदिवासी, मिशनच्या वसतिगृहात राहून नववीपर्यंत शिकलेली. रविवारी देवळात शास्त्रपाठ वाचायला पाळक तिलाच उभी करायचे, कारण ती अडखळत नाही आणि रडका सूरही लावत नाही. लग्न करून सुरतेला आली. नवरा दानियल डाइंग मिलमध्ये रंगाच्या टाक्यांवर होता. वीस वर्षं ती वाफ ओढली, मग छाती गेली, मग माणूसच गेला. मुलगी व्याऱ्याला दिलेली. एस्तेर आता एकोणसाठची आहे आणि धागा कटिंग करते. म्हणजे असं, की भरतकामाच्या मशीनवरून साडी उतरते तेव्हा तिच्या उलट्या बाजूला सुट्या धाग्यांचं जंगल असतं. रिंगरोडच्या मार्केटातून टेम्पो गठरी आणून टाकतो, बाया ओट्यावर मांडी घालून छोट्या कटरनं एकेक धागा उडवतात, आणि साडी नेसणारीला वाटतं की ती जन्मतःच इतकी स्वच्छ होती.

ओटा हमीदाबीचा. हमीदाबी पारोळ्याची, सत्तरीला आलेली, मुलगी आणि जावई यांच्याबरोबर राहणारी. रोज पहाटे कुराण पढते. अरबी अक्षर न् अक्षर जिभेवर, अर्थ मात्र ठाऊक नाही. तिच्या नवऱ्यानं हयात असताना धुळ्याहून मराठी भाषांतर आणून ठेवलं होतं. घरात मराठी वाचणारं कुणी नाही, मुलगी-जावई गुजराती शाळेतले. जावई म्हणाला, मोबाईलवर हिंदीत लावून देतो. हमीदाबी म्हणाली, "तो मोबाईलवाला थांबत नाही रे बाबा. मी विचारलं तर सांगत नाही."

मग एके दिवशी ती एस्तेरला म्हणाली, "तू वाचशील का? चाळीस वर्षं मी अल्लाहला रोज काय ऐकवते, ते मरायच्या आत मला कळू दे."

एस्तेर म्हणाली, "आपा, मी ख्रिस्ती बाई. तुमच्यात चालतं का?"

"हात धू, डोक्यावर पदर घे. वाचता येतं ना तुला? मग झालं."

तेव्हापासून दुपारी दोनला एस्तेर अर्धा तास वाचायची आणि तेवढ्या वेळात तिच्या वाटच्या साड्यांचे धागे हमीदाबी उडवायची. शेजारची मंदा, अमळनेरची, खानदेशी तोंडाची, तीही कान देऊन बसायची आणि अधूनमधून गरज नसलेलं काहीतरी बोलायची. काही महिन्यांनी हमीदाबीच म्हणाली, "आता तुझंही वाच. आमच्यात युसूफ आहे, मूसा आहे, तुमच्यातपण आहेत म्हणतात. बघू, तोच आहे की दुसरा." झालं. चार दिवस हमीदाबीचा ग्रंथ, दोन दिवस एस्तेरचा. युसूफाच्या भावांना दोघींनी मिळून शिव्या दिल्या.

एस्तेर काही भित्री नाही. ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेवर जिथे कुराणात बोट ठेवलेलं आहे, तो भाग तिनं स्वच्छ आवाजात वाचला. उलट हमीदाबीच ओशाळली. म्हणाली, "चल, चल, पुढे वाच." पण मारण्याचा भाग आला तिथे एस्तेरची जीभ जड झाली. डोळे चार ओळी पुढे गेले, बोटानं पान उलटलं, आणि आवाज पलीकडच्या परिच्छेदापासून सुरू झाला. हमीदाबीला काय कळणार? असं पहिल्यांदा झालं, मग दुसऱ्यांदा, मग सवयच झाली.

आपल्या शास्त्रातही, म्हणजे बायबलातही, तिनं तेच केलं. शमुवेलाच्या पुस्तकात शौल राजाला हुकूम होतो की अमालेकी लोकांना मारून टाक, बाया सोडू नको, तान्हं मूलही सोडू नको. एस्तेर ते पंधरावं प्रकरण अख्खंच ओलांडून दावीदाच्या गोफणीवर गेली. हमीदाबी खूश. "आमचा दावूद!" म्हणाली. मंदानं विचारलं होतं, "शौलनं आशे काय कये व, का त्याले काढी टाकं?" एस्तेर म्हणाली, "ऐकलं नाही देवाचं." खोटं नव्हतंच ते.

आता ते शहाणे. एक एस्तेरच्या बहिणीचा मुलगा, वैभव. विमा विकतो. दुसरा हमीदाबीचा जावई, जुनैद. एसी दुरुस्त करतो, हात चांगला आहे त्याचा, उन्हाळ्यात माणसं त्याच्या पाया पडतात. दोघांनाही मोबाईलवर वादविवाद बघायचा नाद लागला. परदेशात कोट घातलेले दोन पुरुष समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या ग्रंथातलं रक्त मोजतात, तसले. आधी बघितले, मग स्वतःच करावेसे वाटले. दोघांनी आपापलं चॅनल काढलं आणि उधन्यातला एक हॉल रविवार दुपारपुरता घेतला. बाहेर बॅनर लावला: "हिंसा कोणत्या ग्रंथात? समोरासमोर, सभ्यतेने." कोपऱ्यात दोघांचे फोटो, हाताची घडी घातलेले. त्या सभ्यतेचं पुढे काय झालं ते सांगतेच.

बायांना जायचं कारण नव्हतं. पण भाचा एकीचा, जावई दुसरीचा, दोघांनी हौसेनं बोलावलं. एस्तेर आणि हमीदाबी एकाच रिक्षातून गेल्या, मंदा मध्ये बसून. हॉलमध्ये गेल्यावर एक पोरगेला स्वयंसेवक म्हणाला, "मुस्लिम बहनें इस तरफ, क्रिश्चन उस तरफ." मंदा म्हणाली, "आनि मी कथी बसू, दारमा?" तिघी मागे भिंतीपाशी बसल्या, पण एस्तेरच्या मनात तेव्हाच किंतु आला.

पहिला वैभव उठला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ओळी आल्या, मराठीतून, अगदी त्याच भाषांतरातून जे हमीदाबीच्या कपाटावर कापडात गुंडाळलेलं असतं. जिथे सापडतील तिथे मारा, अशा अर्थाची ओळ त्यानं तीनदा वाचली, दर वेळी जरा जास्त सावकाश. त्याच्या बाजूचे लोक "आमेन" ओरडले. आमेन! कशाला आमेन? मग जुनैद म्हणाला, ही आयत लढाईतली आहे, करार मोडणाऱ्यांबद्दलची आहे, आगापिछा न वाचता बोलू नका. बरोबर बोलला. आणि लगेच त्यानं अमालेक्यांचं पान पडद्यावर टाकलं, आगापिछा न वाचता. "तान्ही मुलं," तो म्हणाला, "दूध पिणारी. मित्रांनो, दूध पिणारी!" त्याच्या बाजूच्या पुरुषांनी अशा टाळ्या वाजवल्या की कुणीतरी सामना जिंकला असावा. मग वैभव म्हणाला, तो काळ वेगळा होता, तो न्यायाचा विशेष प्रसंग होता, मूळ भाषेत त्या शब्दाची छटा वेगळी आहे.

असं अडीच तास. दुसऱ्याच्या ग्रंथातली ओळ वाचायची तेव्हा शब्दाला शब्द, सरळ, साधा अर्थ. आपल्या ग्रंथातली आली की काळ, प्रसंग, मूळ भाषा, छटा. दोघांचाही गज एकच, फक्त टोक फिरवून धरलेला. आणि इतकं करून त्या दोन ओळींमध्ये मेलेल्या माणसांचं कुणालाच काही नाही. तान्ह्या मुलाचा उपयोग एवढाच, की त्याच्यावर एक गुण मिळतो.

दूध पिणाऱ्या मुलांवर टाळ्या पडताना एस्तेरनं पुढच्या रांगेतले पुरुष पाहिले. त्यातल्या दोघांना ती ओळखत होती. चांगले बापलोक, पोरांना शाळेत सोडणारे. तोंडं उघडी, हात वर.

ती हमीदाबीकडे वळली. हमीदाबी पडद्याकडे बघत नव्हती. एस्तेरकडे बघत होती.

परतताना रिक्षा उधन्याचा पूल उतरल्यावर हमीदाबीनं विचारलं, "ती ओळ माझ्या किताबात आहे?"

"आहे आपा."

"जिथून तू मला वाचून दाखवतेस, त्याच किताबात?"

"हो."

"मग मी का नाही ऐकली?"

उत्तराची वाट न बघता हमीदाबीनं पुढचं विचारलं.

"तुझ्या किताबातली ती मुलांची?"

"आहे."

"तीपण नाही ऐकली." हमीदाबीनं पदर सावरला. "सहा वर्षं मी समजत होते, हिनं मला सगळं वाचून दाखवलं. अगं, कापडाचे धागे काप ना! माझ्या किताबाला कातर लावायला तुला कुणी सांगितलं? मी काय लहान पोर आहे, की कडू गोळी गुळात घालून द्यावी?"

"आपा, मला वाटलं, माझ्या तोंडून ते..."

"त्या दोघा मेल्यांनी निदान वाचून तरी दाखवलं," हमीदाबी म्हणाली आणि तोंड बाहेर केलं.

ते वाक्य एस्तेरला झोंबलं, कारण खरं होतं. ज्यांची किळस येत होती त्यांनी वाचलं, आणि जिच्यावर विश्वास होता तिनं लपवलं.

दुसऱ्या दिवशी हमीदाबीनं ओट्यावरून निरोप दिला की एस्तेरची गठरी वेगळी टाकावी. एस्तेर आपल्या दारात बसून धागे उडवू लागली. दोघींमध्ये आठ पावलांचं अंतर. दोन वाजले की एस्तेरचे हात आपोआप थांबायचे, मग पुन्हा सुरू व्हायचे. असे अकरा दिवस गेले. मधल्या पायरीवर मंदा बसायची आणि दोन्हीकडे बघून बोलायची.

"दोन्हीस्ना तोंडे काब्रं सुजी ग्यात व माय? आमना पोथीस्मा काय कमी मुंडकी उडतस का? पन आम्ही टाळ्या नही वाजाडत."

हे शेवटचं मंदाचं काही खरं नव्हतं. टाळ्या सगळीकडे वाजतात, हॉल मिळायचा अवकाश. एस्तेरनं तसं तिला सुनावलंसुद्धा. मंदा म्हणाली, "बरं माय, वाजाडतस. मंग मी उठी जाऊ का?" आणि बसून राहिली.

बाराव्या दिवशी एस्तेर वैभवला शोधत निघाली. तिला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. त्या तान्ह्या मुलांचं काय, याचं असं उत्तर, जे हमीदाबीसमोर मान वर करून देता येईल. पाळकांना तिनं विचारून झालं होतं. ते म्हणाले, "एस्तेरबाई, कठीण भाग आहे, प्रार्थना करू." प्रार्थना ती करतच होती.

वैभव सापडला नाश्त्याच्या दुकानात. आणि शेजारी कोण? जुनैद. एका टेबलावर दोघे, पुढे वाफवलेल्या डाळीच्या लोचोच्या दोन बश्या, वर शेव, मध्ये आडवा ठेवलेला मोबाईल. जुनैदनं वैभवच्या बशीत तेल ओतलं, वैभव म्हणाला, "बस, बस यार." सख्ख्या भावांचंही इतकं काय असेल.

"मासी! या या," वैभव म्हणाला. "व्हिडिओचा भाग एक पेटलाय. दूध पिणारीवाली क्लिप सगळ्यात जास्त चालली. जुनैदभाईनं काय टायमिंग मारलं!"

"अरे तुझी 'जिथे सापडतील' पण कमी नाही," जुनैद म्हणाला. "आमच्या ग्रुपमध्ये लोक भडकलेत. भाग दोनला हॉल पुरणार नाही. आंटी, बसो ने. लोचो खाशो?"

एस्तेर बसली नाही. "वैभव, ती मुलं का मारली?"

"कोणती मुलं?"

"अमालेक्यांची. तू सांगितलंस ना हॉलमध्ये, वेगळा काळ, विशेष प्रसंग. ते मला नीट सांग."

वैभवनं चमचा ठेवला आणि बोटांवर मोजायला लागला. एक, ते लोक फार दुष्ट होते. दोन, त्या काळच्या युद्धाची बोलण्याची रीतच अशी अतिशयोक्तीची होती, प्रत्यक्षात तेवढी मारली नसतील. तीन, देवानं दिलेलं जीवन देव परत घेऊ शकतो. चार, जुना करार तो जुना करार.

"मारली की नाही मारली? दुसऱ्यात म्हणतोस मारली नसतील, तिसऱ्यात म्हणतोस घ्यायचा हक्क होता. एक काय ते सांग."

"मासी, समोरचा जे विचारेल त्यावर असतं ते."

"तुला पटलंय का यातलं काही?"

"पटण्याचा प्रश्न कुठे येतो? उत्तर असलं पाहिजे. स्टेजवर गप्प राहिलं की हरलो."

जुनैद हसत म्हणाला, "मारी पासे पण चार छे, आंटी. मस्त पाठ आहेत."

"तुझ्या सासूनं अकरा दिवस माझ्याशी शब्द बोललेला नाही," एस्तेर त्याला म्हणाली. "ठाऊक आहे?"

"अम्मी? अच्छा? मला वाटलं, तब्येत..." जुनैद खरोखर गोंधळला. मग मोबाईलमध्ये काहीतरी टिंग वाजलं आणि त्याची नजर तिकडे गेली. वैभवचीही गेली. दोघांची डोकी एकाच वेळी खाली वाकली.

एस्तेर बाहेर येऊन गटारापाशी उभी राहिली. आणि थुंकली. म्हाताऱ्या बाया रस्त्यात थुंकत नाहीत, निदान एस्तेरसारख्या तर नाहीतच.

तिथून ती घरी गेली नाही. म्हणजे गेली, आपलं शास्त्र उचललं, नळावर हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि ती आठ पावलं चालून हमीदाबीच्या ओट्यावर चढली. दोन वाजायला आले होते. हमीदाबीनं वर पाहिलं, पुन्हा साडीत पाहिलं.

"आपा, तुमची किताब काढा. मी वाचते. गाळलेलं."

हमीदाबी उठली, कपाटावरून कापडातला ग्रंथ काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

एस्तेरनं नववी सूरा पहिल्या ओळीपासून काढली. कराराचं आलं, करार मोडणाऱ्यांचं आलं, चार महिन्यांच्या मुदतीचं आलं. मग ती ओळ आली. एस्तेरनं ती वाचली, एकदाच, बाकीच्या ओळींच्याच आवाजात. त्याच्या पुढची ओळ अशी होती की त्यातला कुणी तुमच्याकडे आसरा मागायला आला तर त्याला आसरा द्या आणि सुखरूप पोहोचवा. ही ओळ हॉलमध्ये वैभवनं वाचली नव्हती. पान संपेपर्यंत हमीदाबी ऐकत राहिली.

"हे लढाईतलं आहे," ती म्हणाली. "त्या लोकांचं, त्या वेळचं. मला कळतं एवढं. माझा ईमान इतका कच्चा नाही. मला कळत नाही ते दुसरंच." तिनं कटर खाली ठेवला. "तुला काय वाटलं गं? मला लाज वाटेल म्हणून गाळलंस? की हे ऐकून मी तुझ्या अंगावर येईन असं वाटलं?"

लाज, असं म्हणता आलं असतं. सहा वर्षं एस्तेर स्वतःलाही तेच सांगत आली होती. तिनं हमीदाबीच्या मोठ्या सांध्यांच्या, कटरनं घट्टे पडलेल्या हातांकडे पाहिलं. हेच हात दानियल गेला त्या दिवशी तिच्या घरी चूल पेटवायला आले होते.

"थोडंसं वाटलं," ती म्हणाली.

हमीदाबीचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला.

"थोडंसं," ती म्हणाली.

"हो आपा."

"अठ्ठावीस वर्षं शेजार. आणि थोडंसं." तिनं डोळे मिटले, उघडले. "वाच आता तुझं. ती मुलांची."

एस्तेरनं शमुवेलाचं पंधरावं प्रकरण काढलं. देवळात तिनं शेकडो वेळा वाचलं असेल, पण हे तिला कुणी वाचायला दिलं नव्हतं. शौलाला झालेला हुकूम वाचला. पुरुष, बाया, मुलं, तान्ही, बैल, मेंढरं.

"तान्हीपण?"

"हो."

"का?"

"माहीत नाही आपा."

"तुझ्या वैभवला माहीत आहे?"

"त्याच्याकडे चार कारणं आहेत. तुमच्या जुनैदकडेही चार आहेत, त्याच्या त्याच्या. दोघे एका टेबलावर लोचो खात होते. मला एकही नको."

हमीदाबीनं हे ऐकून घेतलं. "पुढे वाच. शौलनं मारलं?"

एस्तेरला इथेच थांबायचं होतं, कारण पुढचं तिला ठाऊक होतं. शौलानं राजाला जिवंत ठेवलं आणि धष्टपुष्ट मेंढरं राखून ठेवली. त्या मेंढरांच्या ओरडण्यानं तो पकडला गेला. आणि देव रागावला तो याच्यावर, की सगळं मारलं का नाही. तिनं वाचलं. म्हाताऱ्या शमुवेलानं स्वतःच्या हातानं त्या राजाचे तुकडे केले, तेही वाचलं. प्रकरण संपवून तिनं शास्त्र मिटलं.

हमीदाबीनं बाजूला ठेवलेला कटर पुन्हा उचलला.

"याच्यावर टाळ्या वाजवल्या त्यांनी," हमीदाबी म्हणाली. "माझ्या जावयानं वाजवून घेतल्या." मग ती नाक मुरडून म्हणाली, "शी."

कुणाला म्हणाली ते एस्तेरनं विचारलं नाही. ती उठली, पायात चप्पल सरकवली.

"कुठे चाललीस? अजून किती जागा आहेत गाळलेल्या?"

"तुमच्यात पाच-सहा. माझ्यात जास्त."

"मग उद्या दोनला ये. आधी तुझ्यातल्या." हमीदाबीनं साडी मांडीवर ओढली. "आणि ऐक. ते थोडंसं मी विसरणार नाही. राग राहणार माझा."

"राहू द्या आपा," एस्तेर म्हणाली. "मी येते."